आमची परीक्षा घ्या

मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या शेवटी एक लांबलचक परिशिष्ट आहे. फिजिओथेरपिस्ट, डोळे तपासणारे ऑप्टोमेट्रिस्ट, डायलिसिसचे तंत्रज्ञ, आहारतज्ज्ञ, एक्स-रे काढणारे असे पन्नासहून अधिक व्यवसाय त्यात दहा गटांत मांडले आहेत. सातव्या गटात, समुपदेशक आणि वैद्यकीय समाजसेवकांच्या पंगतीत, एक ओळ आमचीही आहे. हालचाल, कला आणि नृत्य यांतून उपचार करणारे आणि रिक्रिएशनल थेरपिस्ट यांची ती ओळ. ती मी घरात सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. इतकी वर्षं जे काम करत आले त्याला देशाच्या कायद्यात जागा आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

काम काय, ते सांगते. नांदेडला एका खासगी मानसोपचार रुग्णालयात मी रुग्णांकडून खेळ, गाणी, चित्रं, हस्तकला करून घेते. आठवड्यातले उरलेले दिवस लातूरला, पॅरालिसिस झालेल्या रुग्णांच्या एका केंद्रात. मधला प्रवास लोहा, माळाकोळी, अहमदपूर, चाकूर असा एसटीनं. शिक्षण विचाराल तर एटीडी, म्हणजे चित्रकला शिक्षकाची पदविका. आधी बरीच वर्षं दिव्यांग मुलांच्या विशेष शाळेत चित्रकला शिकवली, तिथूनच या कामाकडे वळले. हजेरीपटावर माझ्या नावापुढे 'ॲक्टिव्हिटी' एवढंच लिहिलेलं असतं. रुग्ण ताई म्हणतात, बाई म्हणतात, कुणी खेळवाल्या मॅडम म्हणतात. नांदेड आणि लातूर या दोन शहरांत माझ्यासारखं काम करणारी माणसं मला बरीच माहीत आहेत. कुणी निवृत्त पीटी शिक्षक, कुणी संगीत विशारद झालेली मुलगी, कुणी नर्सिंग अर्धवट सोडलेली, कुणी स्वतः व्यसनातून बाहेर पडून आता व्यसनमुक्ती केंद्रात सकाळची कवायत आणि भजन घेणारा. आमच्यापैकी एकाकडेही या कामाचं प्रमाणपत्र नाही, कारण ते देणारंच आमच्याकडे कुणी नाही.

कायदा म्हणतो, संलग्न आरोग्य व्यावसायिक व्हायचं तर किमान २,००० तासांचं, दोन ते चार वर्षांत पूर्ण होणारं शिक्षण हवं. आरोग्यसेवा व्यावसायिक व्हायचं तर ३,६०० तास, तीन ते सहा वर्षं. नोंदणी राज्य परिषदेकडे. कायदा लागू झाल्यापासून सहा महिन्यांत या परिषदा राज्यांनी स्थापन करायच्या होत्या. त्या न झाल्यानं ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राला आणि राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये आयोगाचे दहा अभ्यासक्रम जाहीर झाले. फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री, डायलिसिस, पोषण, उपयोजित मानसशास्त्र वगैरे. त्यांत रिक्रिएशनल थेरपी नाही. म्हणजे व्यवसायाचं नाव कायद्यात आलं, पण त्या नावापर्यंत जायला वाट नाही. मी हे लिहिते आहे ते ही वाट लवकर आणि नीट तयार व्हावी म्हणून, आणि ती मराठवाड्यातून जावी म्हणून.

'खेळ घ्यायला कसलं आलंय सर्टिफिकेट?' हा प्रश्न मला रुग्णांचे नातेवाईक विचारतात, कधी डॉक्टरही विचारतात. त्याला मी एका पटाची गोष्ट सांगते.

कंधार तालुक्यातले एक शेतकरी, साठीच्या आतबाहेरचे. मेंदूच्या उजव्या बाजूला रक्तस्राव होऊन डावं अंग गेलेलं. फिजिओथेरपीनं हात थोडा उचलायला लागला होता, पाय टेकत होता. पण ते डाव्या बाजूला बघतच नव्हते. नजर चांगली होती, मेंदू त्या बाजूची दखलच घेत नव्हता. ताटातली उजवीकडची भाकरी संपायची, डावीकडची भाजी तशीच राहायची आणि बायकोवर चिडायचे, भाजी का वाढली नाही म्हणून. दाढी उजव्या गालाची तेवढी करायचे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायचे. त्यांच्या बायकोला, काकूंना विचारलं, आधी कशात रमायचे? त्या म्हणाल्या, पारावर चल्लस आठ खेळायला बसले की जेवायची शुद्ध राहायची नाही.

मग जमिनीवर खडूनं पंचवीस घरांचा पट आखला. चिंचोके घासून एका बाजूनं पांढरे केले. चार उताणे पडले की चल्लस, चारी पालथे पडले की आठ. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, "मी काय लेकरू हाय का बाई, खेळायला बसवायलाव मला?" पण समोर परभणीचे एक मामा बसले होते, त्यांनी चिंचोके टाकले आणि पहिल्याच फेकीत आठ पडले. काकांना राहवलं नाही. पट मी असा मांडला होता की त्यांचं स्वतःचं घर त्यांच्या डाव्या हाताला येईल. सोंगटी तिकडे गेली की त्यांना दिसायचीच नाही आणि मामा ती मारायचे. दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. दुसऱ्या दिवशी पटाच्या डाव्या कडेला मी लांब लाल रिबन चिकटवली आणि सांगितलं, लाल दिसेपर्यंत मान वळवायची, मगच सोंगटी हलवायची. चिंचोके डाव्या हाताच्या चिमटीत उचलायचे, पडले तर पडू द्यायचे. किती सोंगट्या नजरेतून सुटल्या, किती चिंचोके चिमटीत आले, किती वेळ पाठ टेकवल्याशिवाय बसले, हे मी वहीत लिहीत गेले. पुढं तीच लाल रिबन ताटाच्या डाव्या कडेला लावली. मग आरशाच्या कडेला. हळूहळू रिबन अरुंद करत गेले. भाजी संपायला लागली तेव्हा काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

ही युक्ती मी शोधलेली नाही. एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट ताईंनी ती मला शिकवली. नजरेला डावीकडे खेचून आणणारी खूण लावायची आणि सरावानं ती हळूहळू काढून घ्यायची, ही जगभर वापरली जाणारी पद्धत आहे. पण त्या ताई मला भेटल्या, हा योगायोग. त्या भेटल्या नसत्या तर मीही पट उजवीकडे सरकवून दिला असता, काकांना दिसावा म्हणून. ते खूश झाले असते, त्यांचा वेळ मजेत गेला असता आणि डावी बाजू कायमची सुटली असती. माणूस कुठं अडलाय ते आधी तपासणं, त्याच्या आयुष्यातलाच एखादा खेळ नेमका तिथं आणून बसवणं, काय बदललं ते मोजणं, नाही बदललं तर खेळ बदलणं, एवढं सगळं या कामात येतं. हे शिकवता येतं. शिकवता येतं म्हणून तपासताही येतं. माझी सगळी मागणी या दोन वाक्यांवर उभी आहे.

आणि न शिकता केलं तर इजा होते, हे लोकांना माहीत नाही. खेळातून कुणाला काय होणार, असं सगळ्यांना वाटतं. डाउन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेतले वरचे दोन मणके सैल असतात. अशा लेकराला कोलांटउडी मारायला लावली आणि मज्जारज्जूवर दाब आला तर हातपाय जाऊ शकतात. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये मानेवर ताण आणणाऱ्या प्रकारांबाबत म्हणूनच काटेकोर नियम आहेत. आपल्याकडे स्नेहसंमेलनाच्या तालमीत हे कोण विचारतं? पॅरालिसिसच्या रुग्णाच्या लुळ्या हाताचा खांदा स्नायूंनी धरलेला नसतो. त्याला नाचात सामील करायला कुणी प्रेमानं हात धरून ओढलं तरी खांदा निखळतो. असं झालेलं मी एका ठिकाणी डोळ्यांनी पाहिलंय. ओढणारी मुलगी बिचारी रडत होती. तिचं मन साफ होतं, तिला कुणी शिकवलं नव्हतं एवढंच. मेंदूच्या आजारानंतर ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांची लाडू खाण्याची स्पर्धा घेतात, घास श्वासनलिकेत जाऊ शकतो हे न कळता.

आमच्या भागात उन्हाचा प्रश्न तर फारच मोठा. एप्रिल-मे महिन्यांत नांदेडचा पारा बेचाळीसच्या पुढं जातो. मनोविकारांवरच्या काही औषधांनी घाम कमी येतो, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नाही. लिथियम घेणाऱ्या रुग्णाच्या अंगातलं पाणी कमी झालं की औषधाची रक्तातली पातळी वाढून प्रकरण विषबाधेपर्यंत जाऊ शकतं. त्यांना सकाळी अकराच्या उन्हात कबड्डी खेळवणारा माणूस त्यांचा शत्रू नसतो. पण त्यानं नर्सला औषधांची यादी विचारायला हवी, आणि काय विचारायचं हे त्याला कळायला हवं.

या कामाला आधार नाही असंही नाही. मानसिक आरोग्य काळजी कायदा २०१७ चा आहे. त्याच्या २० व्या कलमात रुग्णाच्या हक्कांमध्ये विरंगुळा, करमणूक आणि शिक्षण यांच्या वाजवी सोयी स्पष्ट लिहिल्या आहेत. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा, त्यात सांस्कृतिक जीवन, मनोरंजन आणि खेळांसाठी स्वतंत्र कलमं आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एकही मराठवाड्यात नाही. किनवटच्या माणसाला आजवर कुटुंबापासून इतक्या लांब जावं लागलं. जे इथं राहतात ते खासगी दवाखान्यांत, मेडिकल कॉलेजच्या वॉर्डांत किंवा घरात एका खोलीत. या सगळ्यांना कायद्यानं दिलेला विरंगुळ्याचा हक्क म्हणजे बहुतेक ठिकाणी भिंतीवरचा टीव्ही आणि स्ट्रायकर हरवलेला कॅरम. हक्क लिहिला, पण तो पोचवणारा माणूस तयार केला नाही.

महाराष्ट्राला असा माणूस तयार करायची सवय नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात आशियातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा सुरू झाली. ती कमला निंबकर यांनी उभी केली. मूळच्या अमेरिकन, नाव एलिझाबेथ लुंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून १९३० मध्ये इथं आल्या आणि इथल्याच झाल्या. फलटणच्या कमला निंबकर बालभवन शाळेला नाव त्यांचंच. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, त्यांनी या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना बांधली आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. एवढी दमदार सुरुवात. तरी महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीच्या परिषदेचा कायदा आला तो २००२ चा. पन्नास वर्षं या व्यवसायाची नीट नोंदणी नव्हती. त्या काळात कोण खरा शिकलेला आणि कोण मालिशवाला, हे गावाकडच्या माणसाला ओळखण्याचा मार्ग नव्हता. आमच्या कामाच्या वाट्याला तशी पन्नास वर्षं येऊ नयेत. आजचे रुग्ण तोवर थांबू शकत नाहीत.

पुण्या-मुंबईत मधल्या काळात पुष्कळ घडलं. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, तिथं गाणी, खेळ, योग, कला हे उपचारांतच मिसळलेले आहेत. हृषीकेश पवार पुण्यात पार्किन्सनच्या रुग्णांना नृत्य शिकवतात. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत नृत्य आणि हालचालींतून उपचार करण्याची पदविका सुरू झाली. या सगळ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण मुखेडच्या मुलीला मुंबईत राहून इंग्रजीतून पदविका करणं परवडत नाही. आणि परवडलं, तरी ती परत मुखेडला येत नाही.

अमेरिकेत या कामाच्या प्रमाणपत्राची व्यवस्था १९८१ पासून आहे. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत रेडक्रॉसनं खेळ आणि करमणूक सुरू केली, तिथून हा व्यवसाय वाढत गेला. आज एनसीटीआरसी नावाची राष्ट्रीय संस्था परीक्षा घेते. संबंधित पदवी हवी, शरीररचना आणि मानसशास्त्रासारखे विषय झालेले हवेत, सलग १४ आठवड्यांत किमान ५६० तास प्रमाणित थेरपिस्टच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम केलेलं हवं, आणि मग परीक्षा. दर पाच वर्षांनी प्रमाणपत्राचं नूतनीकरण. यातल्या दोन गोष्टी मला आपल्याकडे जशाच्या तशा हव्या आहेत. देखरेखीखालचे तास आणि दर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी. बाकीचं आपण आपल्या मातीत बसवू.

बसवणं कसं, त्यावर माझं स्पष्ट मत आहे आणि त्यावर माझे काही सहकारी नाराज होतील.

पहिलं म्हणजे प्रवेश. लातूर पॅटर्ननं, म्हणजे परीक्षेची कसून तयारी करून घेण्याच्या पद्धतीनं, आपल्याला एक शिस्त दिली, ती मी नाकारत नाही. खेड्यातल्या हजारो मुलांना त्या शिस्तीनं डॉक्टर केलं. पण त्याचबरोबर बारावीचं जीवशास्त्र म्हणजेच आरोग्यक्षेत्राचं एकमेव दार, हेही आपल्या मनात पक्कं बसलं. नांदेड-लातूरच्या क्लासेसच्या गल्ल्यांमधून सकाळी सहाला पाठीवर दप्तरं घेऊन चाललेली मुलं मी रोज बघते. त्यांतली कितीतरी उत्तम तबला वाजवत होती, लेझीम खेळत होती, मातीची बैलं करत होती, दहावीनंतर सगळं बंद. आमच्या व्यवसायाला नेमकी हीच मुलं लागतात. ज्याच्या हातात कला आहे, ज्याला माणसाशी बोलता येतं, त्याला शरीररचना शिकवता येते. उलटं करणं फार अवघड आहे. म्हणून या अभ्यासक्रमाला कला, क्रीडा, संगीत, समाजकार्य कुठल्याही वाटेनं येता यावं आणि पहिल्या वर्षी शरीररचना, औषधं, प्रथमोपचार यांचा कडक पूरक अभ्यास असावा. त्यात नापास होणाऱ्याला पुढं जाऊ देऊ नये.

दुसरं, शिकवायचं कुठं. आरोग्याचे अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहेत. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, ललित कला शिकवणारं संकुल आहे, लातूरला उपकेंद्र आहे. विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. विष्णुपुरीला तर विद्यापीठ आणि मेडिकल कॉलेज अगदी शेजारी आहेत. सकाळी वॉर्डात आणि दुपारी कला संकुलात, असा विद्यार्थी घडवायला यापेक्षा सोयीची जागा महाराष्ट्रात कुठं आहे? लातूरजवळ हरंगुळला सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी संवेदना केंद्र काम करतं. अशा ठिकाणी विद्यार्थ्यांचे तास भरावेत. आरोग्य विद्यापीठानं मान्यता द्यायची, आमच्या विद्यापीठानं कलेची बाजू सांभाळायची, रुग्णालयांनी देखरेख करायची. इमारत नवी बांधावी लागत नाही. दोन विद्यापीठांचा करार आणि प्रत्येक मेडिकल कॉलेजमध्ये एका ऑक्युपेशनल थेरपिस्टचं भरलेलं पद, एवढ्यावर पहिली तुकडी सुरू होते.

हे सरकारी संस्थांतच सुरू व्हावं, यावर मी ठाम आहे. अभ्यासक्रमाच्या आधी दुकानं उघडतात, हे आपण प्रत्येक नव्या क्षेत्रात पाहिलंय. दोन दिवसांची ऑनलाइन कार्यशाळा, सोनेरी किनारीचं प्रमाणपत्र आणि दारावर 'थेरपिस्ट' अशी पाटी. मतिमंद लेकराची आई शेत गहाण ठेवून अशा पाटीखाली तासाला पाचशे रुपये मोजते. तिला खरं-खोटं कळावं म्हणून तर नोंदणी. राज्य परिषदेच्या नोंदवहीत नाव आहे की नाही, हे तिला मोबाइलवर मराठीत बघता आलं पाहिजे.

तिसरा मुद्दा माझ्यासारख्यांचा, जे आधीपासून हे काम करतायत. माझे सहकारी म्हणतात, आमच्या अनुभवावर आम्हाला थेट प्रमाणपत्र द्या. मला ते मान्य नाही. अनुभवाची वर्षं मोजून प्रमाणपत्र वाटलं तर चुकीचं काम वर्षानुवर्षं करत आलेल्यालाही ते मिळेल आणि त्या कागदाची किंमत पहिल्याच वर्षी संपेल. पण आम्हाला बाहेर काढून, तीन वर्षं नोकरी सोडून पदवी करा म्हणणंही अन्याय आहे. घर चालवणाऱ्या बाईला ते शक्य नाही. मधला मार्ग परीक्षेचा. काम सुरू ठेवून शनिवार-रविवारचा पूरक अभ्यास आणि मग खरी परीक्षा.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो मला एका कीर्तनकार महाराजांनी ऐकवला. ते म्हणाले, गावाचा पार, भजनी मंडळ, माळेगावची जत्रा, सिद्धेश्वराची यात्रा, याच आमच्या करमणुकी आणि यांनीच माणसं जगवली. उद्या टाळ धरायलाही सरकारी कागद लागेल का? माझं उत्तर असं, की गावातलं भजन, सणातला फेर, मैदानातला खेळ यांना कुणी हात लावू नये. त्यांचं बळ मी रोज वापरते. पार्किन्सनच्या रुग्णाचा पाय जमिनीला चिकटतो तेव्हा हलगीचा किंवा टाळाचा ठेका सुरू केला की त्या ठेक्यावर तो पाऊल उचलतो, हे मी पाहिलंय आणि वैद्यकशास्त्रही ते मान्य करतं. हलगी वाजवणाऱ्या मामांना कुठलीही परीक्षा नको. त्यांना मानधन द्या, सन्मानानं वॉर्डात बोलवा. पण ठेका किती जलद ठेवायचा, रुग्ण पडणार नाही म्हणून कुठं उभं राहायचं, कधी थांबायचं, याची जबाबदारी ज्याच्यावर आहे आणि त्याचे पैसे जो घेतो, त्याच्याकडे कागद हवा. रुग्णाच्या शरीराची जबाबदारी सुरू होते तिथून परीक्षा सुरू व्हावी.

किल्लारीच्या भूकंपाची आठवण मराठवाड्यातल्या माणसाला टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. मी तेव्हा औसा तालुक्यात शाळेत होते. पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या लेकरांना गाणी शिकवायला, चित्रं काढून घ्यायला बाहेरगावाहून ताई-दादा यायचे. महिनाभर न बोललेली माझ्या वर्गातली एक मैत्रीण कागदावर काळा खडू घासत बसायची आणि एक दिवस तिनं त्या काळ्यात एक पिवळं दार काढलं. मग ती बोलायला लागली. चित्राच्या वाटेला मी लागले ते बहुधा त्या दिवसापासून. भारतीय जैन संघटनेनं सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली, त्यांचं पुढं शिक्षण झालं, हे मोठंच काम होतं. पण मागं शेडमध्ये राहिलेल्या लेकरांकडे आलेले ताई-दादा सुट्टी संपली की परत गेले. त्यांना कायम राहणं शक्य नव्हतं. इथं, याच जिल्ह्यात पगारावर असलेलं, शिकलेलं, उद्याही येणारं माणूस हवं होतं. तेव्हा नव्हतं आणि आजही नाही. आता तर भूकंपाचीही गरज नाही. कर्जानं बाप गेलेल्या घरातली लेकरं, ऊसतोडीहून परतलेली लेकरं, नीट परीक्षेच्या तणावानं झोप उडालेली मुलं या दोन जिल्ह्यांत आहेतच. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी २०१५ पासून सरकारचा प्रेरणा प्रकल्प आहे, टेलिमानसचा १४४१६ क्रमांक आहे. फोनवर ऐकून घेणारं माणूस मिळालं. त्यानंतर दर आठवड्याला समोर बसून त्या माणसाला पुन्हा जगण्यात आणणारं माणूस या साखळीत अजून जोडलेलं नाही.

प्रमाणपत्राबरोबर पद निर्माण झालं नाही तर सगळं फुकट जाईल, हेही सांगायला हवं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य पथकात, मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार आणि बालरोग विभागांत, दिव्यांगांच्या विशेष शाळांच्या आकृतिबंधात एकेक पद मंजूर करावं लागेल. दिव्यांग कल्याण विभाग डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र झालाय, शाळांच्या पदांपासून त्यानं सुरुवात करावी. पद नसेल तर शिकलेली मुलगी पुण्याला जाईल आणि आमच्या वॉर्डात पुन्हा टीव्ही लागेल.

राज्य परिषदेनं परीक्षा ठरवली तर तिचं स्वरूप कसं असावं, हे मी माझ्या सहकाऱ्यांशी बोलून लिहून काढलंय आणि दोन्ही विद्यापीठांना पाठवणार आहे. लेखी प्रश्नपत्रिका मराठीत. निम्मे गुण वॉर्डात, अनोळखी रुग्णासमोर. त्याची फाइल वाचायची, नर्सशी बोलायचं, घरच्यांना विचारून त्याचा आवडता खेळ शोधायचा, अर्धा तास तो घ्यायचा आणि नंतर परीक्षकांसमोर सांगायचं, काय पाहिलं, का केलं, उद्या काय बदलणार. परीक्षक तीन असावेत. एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, एक मानसोपचार परिचारिका आणि तिसरं माणूस रुग्णाच्या घरचं, ज्याला गुण देण्याचा पूर्ण अधिकार असेल. या परीक्षेला मी पहिल्या तुकडीत बसणार आहे. माझ्याबरोबर आणखी कोण कोण बसणार, त्यांची नावं मी वहीत लिहून ठेवली आहेत. यादी वाढते आहे. तारीख तेवढी जाहीर व्हायची आहे.